घटपर्णी घरी आणली आणि पिचर वाळायला लागले : झाड नव्या जागी रुळवायचं कसं?

पानोपानी

नमस्कार मंडळी. हरितगृहात वाढवलेली नेपेन्थिस व्हेंट्राटा ही घटपर्णी घरी आणली आहे. आली तेव्हा पिचरांनी, म्हणजे पानांच्या टोकाला लोंबणाऱ्या किडे पकडणाऱ्या घटांनी, लगडलेली होती. पूर्वेच्या खिडकीत टांगली आहे आणि तेव्हापासून एकेक पिचर वरून वाळत चाललाय. आधी झाकण तपकिरी होतं, मग तोंडाची कड, मग खालचं पोट. तणाव्यांच्या टोकाला जे बारके पिचर फुगायला लागले होते ते काळे पडून सुकले. पानं मात्र हिरवीगार आहेत. आर्द्रता दिवसा ४० ते ४५ टक्के दिसते. पाणी घरातल्या साध्या फिल्टरचं घालते.

विचारायचंय ते असं. लगेच कुंडी बदलू का? झाड प्लास्टिकच्या पिशवीत झाकू का? रिकाम्या पिचरांत पाणी ओतू का? आणि हे झाड मरतंय की रुळतंय ते ओळखायचं कशावरून? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त सतावतोय.

शेवाळवाट

पानोपानीताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की बाकीची घाई आपोआप कमी होते.

घटपर्णीचं जुनं पान नव्या हवेला फारसं सरावत नाही. ज्या हवेत ते उमललं, त्याच हवेसाठी ते घडलेलं असतं. त्याची जाडी, वरचा मेणचट थर, पर्णरंध्रांची (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची) संख्या, हे सगळं पान कोवळं असतानाच ठरून जातं. झाड रुळतं ते नवी पानं काढून. त्यामुळे आज जे वाळतंय त्यावरून झाडाचा निकाल लावू नका. घरी आल्यानंतर शेंड्यातून जी पानं निघतील, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

एक काम आजच करा. सगळ्यात नवं, पूर्ण उलगडलेलं जे पान आहे, त्याच्या बुडाशी लोकरीचा रंगीत धागा सैलसा बांधा. धाग्याखालची पानं हरितगृहाची, वरची तुमच्या घरची. खालचे पिचर सगळेच्या सगळे वाळले तरी जीव घाबरा करून घेऊ नका. वरच्या पानांचं मात्र बारकाईनं बघा, प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठं येतंय की लहान. पहिलं बहुधा लहानच येतं आणि त्याला पिचर धरत नाही. दुसरं तेवढंच किंवा जरा मोठं आलं, पुढच्या एखाद्या पानाच्या टोकाला पिचर फुगायला लागला, की झाडानं जीव धरला म्हणायचं. उलट एकापाठोपाठ प्रत्येक पान आखूड होत गेलं आणि शेंडा बारीक होत चालला, तर पाणी, मुळं किंवा तापमान यांत कुठेतरी मूळ दुखणं आहे.

दुसरं म्हणजे एका पानाला एकदाच पिचर येतो. टोकाची कळी काळी पडली की त्या पानावर पुन्हा पिचर येत नाही, कितीही फवारलंत तरी. पण ते पान प्रकाश घेऊन झाडाला पोसत असतं, म्हणून ते कापू नका. वाळणारा पिचरही पूर्ण तपकिरी झाल्यावर तेवढाच कापा. पिचरचा वरचा भाग वाळून खालचं पोट हिरवं राहिलं असेल, तर त्यातले पचलेले किडे अजून झाडाच्या कामी येत असतात.

कुंडी आत्ता बदलू नका. जागा, हवा, प्रकाश हे सगळं एकदम बदललंय, त्यात मुळांनाही धक्का नको. अपवाद दोनच : मिश्रण कुजून आंबूस वास येत असेल, किंवा झाड साध्या बागेच्या मातीत लावलेलं असेल.

पाण्याचं मात्र आजच बघायला हवं. त्या फिल्टरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, किती आहे?

प्रयोगवही

पिचर आधी का वाळतात आणि पानं का टिकतात, याबद्दल थोडं. आपण आर्द्रतेचे टक्के बघतो, पण झाडाला जाणवतं ते हवेचं ओढून घेणं. २० अंश सेल्सिअसला हवेत जास्तीत जास्त २.३४ किलोपास्कल दाबाएवढी वाफ मावते, ३२ अंशांना ४.७६. दोन्हीकडे आर्द्रता ६० टक्केच धरा. थंड खोलीत हवेची तूट, म्हणजे अजून मावू शकेल एवढी वाफ, साधारण ०.९४ किलोपास्कल, उबदार खोलीत १.९०. आकडा तोच ६० टक्के, पण उबदार खोलीत झाडाचं पाणी दुप्पट जोरानं ओढलं जातं.

पानावर मेणचट थर आहे, रंध्रं मिटता येतात. पिचरच्या तोंडाची कड अशी नाही. ती पातळ पाण्याचा थर धरून ठेवण्यासाठीच घडलेली आहे, किडे घसरतात ते त्या ओल्या थरावरून. म्हणून कोरड्या हवेत पहिला फटका कडेला आणि झाकणाला बसतो. फुगायला लागलेली कळी तर त्याहून नाजूक.

तेव्हा आर्द्रतामापक आणि तापमापक एकाच जागी, झाडाच्या उंचीवर ठेवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाचा आकडा इथे कामाचा नाही.

काचपेटी

पिशवीबद्दल मी सांगते. माझं मत ठाम आहे : जिथे फरक मोठा आहे तिथे पिशवी हवीच. ९० टक्क्यांतून थेट ४० टक्क्यांत झाड आणणं म्हणजे त्याला एका रात्रीत नवं कातडं घालायला सांगण्यासारखं आहे.

पद्धत साधी आहे. पारदर्शक मोठी पिशवी घ्यायची, कुंडीत दोन-तीन काड्या खोचायच्या म्हणजे प्लास्टिक पानांना चिकटत नाही, आणि वरून पिशवी सैल सोडायची. पहिला आठवडाभर तोंड जवळजवळ बंद. मग एका कोपऱ्यात बोटाएवढं भोक. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. मग दिवसा तोंड उघडं, रात्री बंद. असं करत तीन-चार आठवड्यांत पिशवी काढून टाकायची. मधेच पानं मलूल दिसली तर एक पायरी मागे यायचं, तिथे काही दिवस थांबायचं आणि मग पुढे जायचं.

पिशवी घातलेलं झाड थेट उन्हात मात्र अजिबात ठेवायचं नाही. आत तापमान भराभर चढतं आणि पानं शिजून निघतात. उजेड भरपूर हवा, ऊन नको.

उंचसखल

काचपेटी, पद्धत तुम्ही उत्तम सांगितलीत, पण व्हेंट्राटासाठी मी पिशवी घालणार नाही. व्हेंट्राटा म्हणजे व्हेंट्रिकोसा आणि अलाटा यांचा संकर. दोन्ही फिलिपिन्सकडचे, आणि संकर त्याहून काटक. ४५ टक्क्यांतही तिची पानं धडधाकट राहतात. पिचर जातील, पण पुढची पानं त्याच हवेत घडतील आणि पिचरसकट येतील. पिशवीत ठेवलं तर मधली तीन-चार आठवड्यांची पानं पुन्हा दमट हवेसाठीच घडतात आणि पिशवी निघाल्यावर त्यांचंही तेच होतं. बंद हवेत बुरशीचीही भीती.

पिशवी कुणाला हवी? मुळं तुटलेल्या झाडाला, छाटकलमाला, आणि ऊतिसंवर्धनाच्या (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून रोप वाढवण्याच्या) बाटलीतून नुकत्याच बाहेर काढलेल्या रोपाला. बाटलीतल्या रोपांच्या पानांवर मेणचट थर नावापुरता असतो, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. उघड्यावर ती तासाभरात माना टाकू शकतात. तिथे पायरीपायरीनं जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि महिना-दीड महिना लागला तरी तो लावावा.

काचपेटी

व्हेंट्राटापुरतं मान्य. पण ज्यांच्याकडे बाइकॅल्कॅराटा किंवा ॲम्प्युलॅरिया या जाती आहेत त्यांनी हे वाचून पिशवी टाळू नये. सखल दलदलीतली झाडं आहेत ती, कोरड्या हवेत त्यांची नवी पानंसुद्धा पिचर धरत नाहीत. त्यांना रुळवणं म्हणजे पेटीतून काढणं नव्हे, कायमची दमट जागा देणं.

उंचसखल

बरोबर, त्यांच्या बाबतीत वाद नाही.

नवखा_माळी

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या घटपर्णीची मुळं कुंडीच्या भोकातून दिसतात आणि ती काळी आहेत. मूळकुज आहे का? काढून सडलेली मुळं छाटावी म्हणतोय.

शेवाळवाट

थांबा, छाटू नका! घटपर्णीची निरोगी मुळंच काळी किंवा गडद तपकिरी असतात. बारीक, केसांसारखी आणि ठिसूळ. वाढतं टोक तेवढं पांढरट दिसतं. पांढऱ्या जाड मुळांची सवय असलेला माणूस ती पाहून घाबरतो आणि चांगली मुळं कापून टाकतो. कुजलेलं मूळ ओळखायचं स्पर्शानं आणि वासानं. बोटांत धरल्यावर साल निसटून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, लिबलिबीत लागलं आणि वास आला, तर कुज. ताठ आणि वासरहित असेल तर काळं मूळ उत्तम आहे.

ठिसूळ असल्यामुळेच कुंडी बदलताना जुनं मिश्रण झटकून काढत बसायचं नाही. मुळांना धरून असलेला गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवायचा आणि भोवती नवं मिश्रण भरायचं.

पानोपानी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा बांधला. टीडीएस मीटर मागवून पाणी मोजलं, फिल्टरच्या पाण्याचा आकडा दोनशेच्या वर आहे. हे खूपच आहे ना? पाणी उकळून गार करून घातलं तर चालेल का?

प्रयोगवही

उकळून भागत नाही. उकळल्यानं थोडा चुना खाली बसतो, पण बाकीचे क्षार तसेच राहतात आणि वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात उलट दाटतात. घरात कठीण पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर तेही कामाचं नाही, कारण ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतं.

टीडीएस ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भागांच्या) खाली असलेलं पाणी हवं. पावसाचं, आरओचं किंवा डिस्टिल्ड. मात्र काही आरओ यंत्रं चवीसाठी शेवटी खनिजं परत मिसळतात, म्हणून यंत्राच्या नावावर न जाता नळीतून आलेलं पाणी मीटरनं बघा.

आतापर्यंत जे क्षार साचले असतील ते धुऊन काढायला कुंडीवरून सावकाश भरपूर कमी टीडीएसचं पाणी ओता आणि खालून निथळू द्या. निथळलेल्या पाण्याचा आकडा घ्या. ओतलेल्या पाण्यापेक्षा तो बराच जास्त असेल तर काही दिवसांनी परत धुवा. मुळं हलवायची गरज पडत नाही, म्हणून रुळण्याच्या काळातही हे करता येतं.

शेवाळवाट

यात भर. कुंडीखाली बशीत पाणी भरून ठेवू नका. तो नियम सारासेनिया या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीचा, घटपर्णीचा नव्हे. घटपर्णीची मुळं ओलसर पण हवेशीर मिश्रणात खूश असतात. स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं शेवाळ) आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मे-निम्मे, किंवा त्यात ऑर्किडची साल, असलं मोकळं मिश्रण. नारळाच्या शेंड्यांचे तुकडे वापरायचे तर आधी अनेकदा पाणी बदलून भिजवा, त्यांत मीठ असतं. शेणखत, गांडूळखत, खतमिश्रित पॉटिंग मिक्स, यांतलं काहीही मुळांशी नको. गरीब जमिनीत मुळांवाटे फारसं मिळत नाही म्हणून तर या वनस्पतीनं किडे पकडायला सुरुवात केली, मुळांना त्या खताची सवयच नाही.

रिकाम्या पिचरांचं राहिलं होतं. प्रवासात द्रव सांडला असेल आणि पिचर अजून हिरवा असेल, तर कमी टीडीएसचं पाणी घाला, पिचरच्या उंचीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. काठोकाठ नको, जड होऊन लवंडतो आणि द्रव फार पातळ होतो. न उघडलेला पिचर बोटानं उघडू नका. त्यात झाडानं स्वतःचा द्रव आधीच भरलेला असतो.

नवखा_माळी

आणि खायला किडे घालायचे का? अशक्त झालंय म्हणून दोन-चार माश्या जास्त घालाव्यात का?

काचपेटी

रुळेपर्यंत काहीच नको. झाड त्या काळात अन्नावाचून अडलेलं नसतं, ते पाण्याचा तोल सांभाळण्यात गुंतलेलं असतं. वाळत आलेल्या पिचरात किडे घातले तर पचण्याऐवजी कुजतात. नवा पिचर उघडून कड टणक झाली की एखादा मेलेला किडा पुरे. मांसाचे तुकडे, चीज वगैरे कधीच नको, पिचर आतून सडतो. घरातल्या मुंग्या बऱ्याचदा आपणहून पिचरात शिरतातच.

उंचसखल

तापमानाबद्दल कुणी अजून बोललं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त झाडं तिथेच जातात, आणि जातात तीही इतकी हळू की माणसाला कारण कळत नाही.

घटपर्णीच्या दीडशेहून जास्त जाती आहेत. वाढवणारे त्यांचे ढोबळ दोन गट करतात, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटरच्या खालच्या सखल जाती आणि वरच्या डोंगरी जाती. सखल जातींना दिवसा २७ ते ३३ अंश आणि रात्री २० च्या वर लागतं. डोंगरी जातींना दिवसा २० ते २६ आणि रात्री १२ ते १६. आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे तो दिवसरात्रीतला उतार. दिवसभर बनवलेलं अन्न झाड रात्री श्वसनात खर्च करतं. रात्र गरम असेल तर खर्च वाढतो, शिल्लक काही राहत नाही. डोंगरी झाड गरम रात्रींत लगेच मरत नाही. महिने जातात. आधी पिचर थांबतात, मग पानं आखडतात, शेंडा बारीक होतो, आणि एखाद्या दिवशी खोड काळं पडतं. तोवर माणूस आर्द्रता, पाणी, खत असं सगळं बदलून बघत बसलेला असतो.

बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची नेपेन्थिस राजा १५०० ते २६५० मीटरवर वाढते. ती गरम रात्रींना रुळत नाही, म्हणजे नाहीच. पिशवीनं होत नाही, धीर धरूनही होत नाही. अशा जातीसाठी थंड पेटीची सोय नसेल तर ती आणू नये, हे मी कळकळीनं सांगतो. मधल्या उंचीच्या जाती आणि डोंगरी-सखल संकर बरेच सोशिक असतात. ट्रंकाटासारख्या काही जातींत सखल आणि डोंगरी अशी दोन्हीकडची झाडं असतात, तिथे नुसतं जातीचं नाव पुरत नाही, ते बी किंवा रोप कुठल्या उंचीवरच्या झाडापासून आलं ते विचारायचं.

थंडावा द्यायला लोक ओली विटकरी कुंडी, पंखा, फवारा वापरतात. बाष्पीभवनानं गारवा मिळतो तो हवा कोरडी असेपर्यंतच. दमट रात्री पंखा कितीही फिरवला तरी तापमान जवळजवळ उतरत नाही. तिथे बंद पेटी आणि रात्री गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या हाच स्वस्तातला मार्ग, आणि तोही लहान झाडांपुरता.

प्रयोगवही

+१. आणि म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घटपर्णी नवं पान काढायला सहज तीन-चार आठवडे घेते, डोंगरी जाती त्याहून जास्त. आज बदल केला की त्याचं उत्तर पुढच्या पानावर मिळतं. दर रविवारी काहीतरी बदललं तर कुठल्या बदलानं काय झालं ते कधीच कळणार नाही. पाण्याचा दोष तेवढा ताबडतोब सुधारावा, त्याला थांबू नये.

पानोपानी

पाणी बदललं आणि कुंडी धुऊन घेतली. निथळलेल्या पाण्याचा आकडा सुरुवातीला बराच वर होता, आता खाली आलाय. पिशवी न घालायचं ठरवलं. खिडकीतली जागा तीच ठेवली आहे.

आता नवं काहीतरी दिसतंय. पानांच्या खालच्या बाजूला बारीक चिकट थेंब आहेत आणि एक-दोन पानांवर काळे डाग. कीड लागली का?

काचपेटी

नुसते स्वच्छ थेंब असतील तर तो मकरंद आहे. घटपर्णी फक्त पिचरच्या कडेवर नाही, पानांवर आणि तणाव्यांवरही मकरंद सोडते. त्यावर काळी काजळीसारखी बुरशी चढते. ती वरवरची असते, ओल्या मऊ फडक्यानं पुसली जाते. पुसून बघा. निघाली तर चिंता नको.

पण भिंगातून पानांच्या बेचक्यांत जरूर बघा. पांढरा कापसासारखा पुंजका असेल तर पिठ्या ढेकूण, तपकिरी चपटे ठिपके नखानं सुटत असतील तर खवले कीड, कोवळी पानं वेडीवाकडी आणि चंदेरी ओरखड्यांची येत असतील तर फुलकिडे. या किडी हरितगृहातून सोबत येतात आणि अशक्त झाडावर जोर करतात. म्हणून नवं झाड निदान महिनाभर बाकीच्या झाडांपासून दूर ठेवावं. थोडी कीड असेल तर कापूस स्पिरिटात बुडवून एकेक पुसून काढणं सगळ्यात चांगलं. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर अगदी पातळ करून, संध्याकाळी, आणि पिचरच्या तोंडात जाणार नाही अशा बेतानं. तेल लागलेली पानं उन्हात करपतात.

पानोपानी

पुसलं, निघालं. हुश्श.

नवखा_माळी

एक वेगळा प्रश्न. जंगलातून काढून आणलेली झाडं आधीच मोठी असतात, ती लवकर रुळतात का? कुणीतरी तसं सांगितलं.

उंचसखल

अजिबात नाही, आणि ते करूही नये. उपटलेल्या झाडाची ठिसूळ मुळं बहुतेक तिथेच तुटून राहतात, वर मोठा वेल आणि खाली पाणी ओढायला काही नाही, अशी त्याची अवस्था असते. बरीचशी मरतात. रोपवाटिकेत बियांपासून, कलमापासून किंवा ऊतिसंवर्धनातून झालेलं लहान झाड कितीतरी पटीनं चांगलं रुळतं, कारण ते कुंडीतच वाढलेलं असतं.

कायदाही आहे. राजा व मेघालयातली खासियाना सोडून बाकी सगळ्या नेपेन्थिस जाती साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, आणि या दोन परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे जंगलातल्या झाडांचा व्यापारी हेतूनं आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद. घेताना झाड कुठे आणि कसं वाढवलं ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका.

सुरईवेल

बऱ्याच दिवसांनी डोकावले, ही चर्चा वाचून फार बरं वाटलं. प्रकाशाबद्दल लिहिते.

सावलीत घडलेलं पान पातळ आणि रुंद असतं. त्याला एकदम ऊन दाखवलं तर पांढरे-तपकिरी चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. म्हणून सुरुवातीला भरपूर पण गाळलेला उजेड. नवं पान आलं की थोडं उजेडाकडे सरकवायचं, सकाळचं कोवळं ऊन आधी. पान तांबूस व्हायला लागलं तर ते सहसा उजेड भरपूर मिळाल्याचं लक्षण असतं, आजार नव्हे. तांबूस असूनही पानं मोठी आणि टणक येत असतील तर तीच जागा उत्तम. पिवळी आणि आखूड यायला लागली तर उजेड जास्त झाला. लांबट, गडद हिरवी, मऊ पानं आणि पिचर नाहीत, तर उजेड कमी. मला विचाराल तर घरात पिचर न येण्याचं कारण बहुतेक वेळा आर्द्रता नसून अपुरा उजेड असतं. लोक सकाळ-संध्याकाळ फवारत राहतात आणि झाड अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेलं असतं. फवारा हवेतली आर्द्रता काही मिनिटंच वाढवतो.

दिवा लावायचा तर पांढरा एलईडी चालतो, रोज १२ ते १४ तास. यातल्या बहुतेक जाती विषुववृत्ताजवळच्या, तिथे दिवसाची लांबी वर्षभर जवळपास सारखी.

काचपेटी

सुरईवेल, उजेडाचं पटलं. फवाऱ्याऐवजी झाडं एकत्र ठेवणं, खाली ओल्या खड्यांचा ट्रे (कुंडी पाण्याला न टेकता) यानं त्या कोपऱ्यापुरते थोडे टक्के वाढतात. मोठी अपेक्षा ठेवू नये.

दलदल

माझ्याकडे घटपर्णी नाही, सारासेनिया आहे. वरचं सगळं तिलाही लागू का?

शेवाळवाट

पाणी आणि मिश्रणाची शुद्धता, तेवढी लागू. बाकी जवळजवळ उलटं. सारासेनिया उत्तर अमेरिकेच्या मोकळ्या दलदलींतली, तिला थेट ऊन हवं, कुंडी बशीतल्या पाण्यात उभी चालते, आणि हिवाळ्यात तीन-चार महिने थंड विश्रांती लागते. ती घरात दमट पेटीत ठेवू नका, उंच पिचर लुळे पडतात. तिला रुळवायचं म्हणजे उघड्यावर उन्हाची सवय लावायची. उन्हाळ्यात जुने पिचर करपले तरी कंदातून नवे येतात. थंडीत पानं वाळली की मेली समजून टाकू नका. तिच्यासाठी वेगळी चर्चा सुरू करा, लिहिण्यासारखं खूप आहे.

पानोपानी

धाग्याच्या वर आता तीन पानं आहेत. पहिलं खरंच लहान आलं आणि त्याचं टोक सुकलं. दुसरं त्याच्याहून थोडं मोठं. तिसरं त्याहून मोठं, आणि त्याच्या तणाव्याच्या टोकाला लवदार कळी फुगून वर वळली आहे! धाग्याखालचे जुने पिचर सगळे वाळले, कापून टाकले. आर्द्रता अजून पन्नाशीच्या आतच आहे.

दोन शंका. कळी फुगत असताना कुंडी फिरवली तर चालेल का? आणि खोड आता बरंच लांबून खाली लोंबतंय, बुडाशी एक नवा फुटवाही आलाय. लांब खोड छाटू का?

शेवाळवाट

ताई, फार आनंद झाला. पन्नाशीच्या आत धरलेला पिचर तुमच्या हवेतच घडलाय, तो टिकेल.

कळी फुगताना कुंडी फिरवू नका, जागाही बदलू नका. या टप्प्यावर अचानक कोरडी झुळूक किंवा पाण्याचा खंड पडला तर कळी वाढायची थांबते. झाकण उघडून कड बाहेर वळून रंगायला आणखी काही दिवस जातात, तोवर हात लावू नका.

छाटणी इतक्यात नको. बुडाचा फुटवा हे मुळं बरी असल्याचं लक्षण आहे. त्याला चार-पाच पानं होऊ द्या, मुख्य खोडाला दोन-तीन पिचर धरू द्या, मग छाटा. वेल लांबला की पिचरांचा आकारही बदलतो, खालचे गोलसर आणि पुढे दोन झालरी असलेले, वरचे निमुळते, बिनझालरीचे, आणि तणावा आधाराला विळखा घालणारा. वरचे पिचर वेगळे दिसले म्हणून झाड बिघडलं असं समजू नका.

सुरईवेल

छाटाल तेव्हा शेंडा टाकू नका हो. दोन-तीन पेरांचे तुकडे करायचे, प्रत्येक पान अर्धं कापायचं, ओल्या स्फॅग्नममध्ये खोचायचे आणि काचपेटीताईंची पिशवी इथे वापरायची. मुळं धरायला महिना-दोन महिने लागतात. पिशवी उघडण्याची घाई करायची नाही, पेरातून नवा कोंब फुटून त्याला पान उलगडलं की मगच पहिलं भोक.

पानोपानी

तसंच करते. पिचर उघडला की फोटो टाकते इथे.